तिसऱ्या पॅडची तार

मित्रांनो, उशीर झाला म्हणून तुम्ही कधी बोलणी खाल्ली आहेत का? खाल्लीच असतील. शाळेच्या फाटकात नाहीतर घरी जेवणाच्या वेळी, कुठे ना कुठे. माझं मात्र उशीर करण्याबद्दल कौतुक होतं. उशीर करणं हाच माझा धंदा, आणि तो मी इतका मोजूनमापून करते की भल्याभल्यांनी तोंडात बोट घातलं आहे.

मी एक जुनी चिप आहे. खायची नव्हे! तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढीशी आहे मी. माझ्या अंगावर काचेसारख्या पदार्थाची एक बारीक वाट कोरलेली आहे आणि त्या वाटेवरून प्रकाश धावतो. वाट सरळ नाही बरं का. डास पळवायला लावतात ती गोल गोल कॉइल आठवा, तशी वेटोळी घातलेली आहे. सरळ केली तर हातभर होईल, पण ती नखाएवढ्या जागेत बसवली आहे. प्रकाश बिचारा गरगर फिरत राहतो आणि बाहेर पडेपर्यंत त्याला उशीर होतो.

आता तुम्ही विचाराल, प्रकाशासारख्या चपळ गड्याला उशीर करायचाच कशाला? सांगते, जरा दम धरा. माझं घर म्हणजे डोळा आतून बघायचं एक यंत्र. त्यात प्रकाशाच्या दोन जुळ्या बहिणी एकाच दारातून निघतात. एक जाते माणसाच्या डोळ्यात, तळाशी असलेल्या पडद्याला शिवून परत येते. दुसरी येते माझ्याकडे. दोघी एकाच क्षणी दाराशी पोचल्या तरच पडद्याचं चित्र उमटतं. एक जरी आधी आली तरी समोर नुसता करडा धुरळा दिसतो. त्यात कुणाचा डोळा लांबट, कुणाचा आखूड, कुणी हनुवटी नीट टेकवतच नाही. म्हणून माझ्याकडच्या बहिणीला किती थांबवायचं ते दर माणसागणिक बदलावं लागतं. पूर्वी हे काम एक सरकता आरसा करायचा. तो आपल्या मोटारीसकट कपाटाएवढी जागा अडवून बसायचा, त्यामुळे यंत्र मोठ्या हॉस्पिटलातून हलायचंच नाही. माझ्यामुळे ते डब्याएवढं होणार होतं, कुठेही उचलून नेता येणार होतं.

मला कागदावर जन्म दिला तो आमच्या ताईने. ताई म्हणजे माझं डिझाइन करणारी इंजिनीअर. खुर्चीवर एक पाय दुमडून बसायची, शेजारी चहा गार होत राहायचा आणि ही स्क्रीनशी गप्पा मारायची. "अगं बाई, इथे एवढं कचकन वळलीस तर सगळा प्रकाश सांडेल की!" असं म्हणून माझं वळण पुसून पुन्हा काढायची. अकरा महिने तिने हेच केलं.

तिची युक्ती मात्र फार साधी होती. भाजीवाल्याकडे वजनं असतात ना, तशी तिने मला चार वेटोळी दिली, एक मापाचं, दोन मापांचं, चारचं आणि आठचं. त्यांच्या बेरजेने पंधरापर्यंत कितीही उशीर करता येतो. प्रत्येक वेटोळ्याच्या तोंडाशी एक इवलासा हीटर. तो तापला की प्रकाश वेटोळ्यात शिरतो, गार असला की सरळ पुढे निघून जातो. पाचवा हीटर केसभर फरक करायला. प्रत्येक हीटरला वीज द्यायला माझ्या काठावर सोन्याचे चौकोनी ठिपके आहेत, त्यांना पॅड म्हणतात. पाच हीटरांची पाच पॅडं, आणि असू दे म्हणून सहावं राखीव. हे सहावं पॅड लक्षात ठेवा.

माझा जन्म झाला तो धुळीचा कणही नसलेल्या खोलीत, नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्या हातून. ताटाएवढ्या एका चकतीवर आम्ही चाळीस बहिणी होतो. त्या चकतीला वेफर म्हणतात. हसू नका, मी नाव ठेवलेलं नाही. चाळिसातल्या सहाच धड निघाल्या आणि पहिला मान मला मिळाला. मी अशी फुशारले होते म्हणता!

मग मला तारा जोडायच्या खोलीत नेलं. तिथे जड दगडी टेबल होतं, रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलायचं नाही. त्यावर मायक्रोस्कोप, केसाहून बारीक सोन्याच्या तारेचं रीळ, आणि खुर्चीवर जुन्या ओढणीची हाताने शिवलेली गादी. ती गादी तारमावशींची. तेवीस वर्षं त्या तारा जोडत होत्या, म्हणून सगळे त्यांना तारमावशी म्हणायचे. मायक्रोस्कोपमध्ये बघत सुई पॅडवर टेकवायची, तिला हलकासा कंप द्यायचा की तार चिकटते. श्वास घेतला तरी सुई सरकते, म्हणून मावशी दोन श्वासांच्या मध्ये तार लावायच्या. तेवीस वर्षांत एकही तार चुकीच्या जागी गेली नव्हती.

पहिली तार पहिल्या पॅडवर टेकली. दुसरी दुसऱ्यावर. मग सुई माझ्या डोक्यावर थबकली. मावशींनी डोळे चोळले, पुन्हा बघितलं.

"ही रांग अशी वाकडी का दिसतेय?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "चष्मा बदलायला हवा. पुढच्या महिन्यात बघू."

आणि सुई खाली आली. तिसऱ्या पॅडवर नव्हे, चौथ्यावर! मी ओरडले, "अहो मावशी, एक राहिलं!" पण चिपचं कोण ऐकतंय? मग पुढची तार पाचव्यावर, शेवटची राखीव सहाव्यावर. माझं तिसरं पॅड, चारच्या वेटोळ्याचं, उघडंच राहिलं.

तुम्ही म्हणाल, कुणी तपासलं नाही? तीच तर गंमत आहे. वरिष्ठांच्या मंजुरीआधी कामाच्या कागदावर दोन सह्या लागतात. एक जोडणाऱ्याची आणि दुसरी 'तारा मोजल्या' म्हणून तपासणाऱ्याची. पण मावशींच्या तारा मोजायच्या म्हणजे आपल्याच आईला 'हात धुतलेस का?' विचारण्यासारखं. कैक वर्षं तिथे कुणी मोजत नव्हतं. ताई घाईघाईने आली, मायक्रोस्कोपकडे ढुंकूनही न बघता सही केली आणि म्हणाली, "मावशी, तुमचा हात लागला म्हणजे काम फत्ते!" मग तारा तुटू नयेत म्हणून त्यांच्यावर काळा डिंक ओतला. तो वाळला आणि चूक आत गाडली गेली.

चाचणीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. एक मागितलं, एक मिळालं. दोन मागितलं, दोन मिळालं. चार मागितलं तर मी आठ दिलं, आणि आठ मागितलं तर केसभर सरकले. साहेब म्हणजे ताईचे वरिष्ठ. ते हाताची घडी घालून म्हणाले, "एक वेटोळं चुकलंय, एक मेलंय. डिझाइनच फसलं असेल तर उरलेल्या पाच चिपा वाया घालवू नका. महिन्याभरात चूक सापडली तर ठीक, नाहीतर हे काम बंद करू आणि आपला जुना सरकता आरसा बरा."

माझी रवानगी ताईच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये झाली. सोबतीला सुकलेलं पेन, तीन स्क्रू आणि एक तुटका चमचा. मला मावशींचा इतका राग आला होता, खोटं कशाला बोलू! चूक त्यांची आणि नाव खराब माझं. वर ताई रोज आकडेमोड करायची. चारचं वेटोळं तिने सतरा वेळा मोजलं. सतराही वेळा बरोबर आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तिची आई फोन करायची, "जेवलीस का?" आणि ही "हो हो" म्हणायची. डबा तसाच पडलेला असायचा.

साडेतीन आठवडे असे गेले. एका दुपारी मावशी चहाचे दोन कप घेऊन ताईच्या टेबलाशी आल्या. ताईचे डोळे सुजलेले होते.

"काय गं, रडलीस की काय?"

"मावशी, माझी मतीच गुंग झालीय. एक बरोबर, दोन बरोबर. चार मागितलं की आठ मिळतं, आणि आठ मागितलं की नुसतं नखभर सरकतं. कागदावर सगळं ठीक आहे. मग घोडं पेंड कुठे खातंय?"

"म्हणजे तिसऱ्यापासून पुढे..." मावशी बोलता बोलता थांबल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चहा घे, गार होतोय."

त्या उठल्या आणि आपला कप तसाच विसरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी त्या आल्या. ताईने येताच मला त्यांच्या हातात दिलं, काही न विचारता. आपल्या खोलीत जाऊन त्यांनी मला द्रावणात ठेवलं. तासाभरात काळा डिंक सुटला. मला मायक्रोस्कोपखाली ठेवून त्यांनी आधी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने बघितलं. मग डावा झाकला, उजव्याने बघितलं. पुन्हा एकदा तसंच केलं. "अगं आई गं," एवढंच म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

मित्रांनो, त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सुई समोर होती, तारेचं रीळ समोर होतं. चुकीच्या तारा उपटून गुपचूप नव्या लावल्या असत्या, पुन्हा डिंक ओतला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. मी चालू लागले असते, ताई सुटली असती आणि मावशींची तेवीस वर्षांची अब्रू जशीच्या तशी राहिली असती. त्यांनी सुई उचललीसुद्धा. मग खाली ठेवली आणि दार उघडून हाक मारली.

"पोरी, इकडे ये. बघ यातून. आणि मोठ्याने मोज."

ताईने डोळा लावला. "एक. दोन. ती... मावशी, तिसरं पॅड मोकळं आहे!"

"हं. आणि तू राखीव ठेवलेल्या सहाव्यावर तार आहे. तुझं डिझाइन ठणठणीत आहे बाई. चूक माझी आहे."

ताईने आनंदाने टाळीच वाजवली. मग तिची नजर मावशींच्या चेहऱ्यावर गेली आणि तिचे हात तसेच राहिले.

"पण तुमच्याकडून हे झालं कसं?"

"उजव्या डोळ्याने बघितलं की रांग वाकते. मधोमध धुरकट होतं. दोन पॅडांचं एकच दिसतं. तीन महिने झाले."

"तीन महिने! आणि कुठल्या डॉक्टरला दाखवलं नाहीत?"

"काय दाखवू? तार जोडणारीचाच डोळा बिघडला म्हटल्यावर तिला या खुर्चीत कोण बसू देईल? निवृत्तीला दोन वर्षं राहिली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची." मावशींनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला. "आज एकेक डोळा झाकून बघितलं तेव्हा कळलं, किती बिघडलंय ते. मला भीती वाटतेय गं."

ताई खाली त्यांच्या गादीपाशी बसली. "आणि माझं काय? 'तारा मोजल्या' म्हणून माझी सही आहे कागदावर. मी डोळासुद्धा लावला नव्हता. त्याच दिवशी मोजल्या असत्या ना, तर तुमच्या डोळ्याचंही त्याच दिवशी कळलं असतं."

माझा राग त्या क्षणी कुठल्या कुठे पळाला. मला आतापर्यंत वाटत होतं, धोक्यात मी आहे. खरा धोका त्या डोळ्याला होता, आणि दिवसागणिक तो वाढत चालला होता.

मावशींनी चुकीच्या तारा उपटल्या, उजवा डोळा झाकला आणि डाव्याने बघत सुई धरली. ताई शेजारी उभी राहून मायक्रोस्कोपला जोडलेल्या स्क्रीनवर बघत मोठमोठ्याने मोजत होती. "तीन. हं, तीनवरच आहात. टेकवा." तेवीस वर्षांत मावशींना कुणी असं मोजून दिलं नव्हतं. तिसरी तार माझ्या तिसऱ्या पॅडवर टेकली आणि माझा जीव भांड्यात पडला.

दोघींनी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. साहेब आधी तडकले, "शाळेतली मुलंसुद्धा मोजतात हो!" मग त्यांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यावर सगळ्यात खाली मंजुरीची म्हणून त्यांचीही सही होती. आवाज उतरवून म्हणाले, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टर यंत्र बघायला येणार आहेत. पहिला डोळा कुणाचा घ्यायचा?"

"ठरलाय," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी यंत्रावर हनुवटी टेकवली. डॉक्टर उंच, मितभाषी बाई होत्या. "समोरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघा, हलू नका," म्हणाल्या.

"हलणं मला जमतच नाही," मावशी म्हणाल्या.

स्क्रीनवर करडा धुरळा होता. ताईने दहा लावलं. धुरळाच. अकरा लावलं. कोपऱ्यात काहीतरी हललं. "बारा," ताई म्हणाली. "आठ आणि चार." माझ्या तिसऱ्या पॅडचा हीटर जन्मात पहिल्यांदा कामासाठी तापला. जुळी बहीण चारच्या वेटोळ्यात शिरली, गरगरली, बाहेर आली. मी पाचव्या हीटरने तिला केसभर आणखी धरून ठेवलं. इतकं जपून मी कधीच काही धरलं नव्हतं. आणि दोघी बहिणी एकाच क्षणी दाराशी पोचल्या.

चित्र उमटलं. घडी घातलेल्या पांघरुणाच्या कडेसारखे पडद्याचे थर, एकावर एक. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पण डॉक्टर पुढे वाकल्या. मधोमध ते थर उचलले गेले होते आणि खाली काळी पोकळी होती.

"पडद्याखाली पाणी साचलंय," डॉक्टर म्हणाल्या. टाळ्या थांबल्या. "आमच्या मोठ्या यंत्रावर खात्री करून घेऊ, पण आजच. आणखी दोन-तीन महिने अंगावर काढलं असतंत तर मधली नजर परत मिळवणं अवघड होतं. अजून वेळ गेलेली नाही."

"म्हणजे बरं होईल?" हे ताईने विचारलं.

"बरंचसं. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील."

"डोळ्यात? सुई?" मावशी दचकल्या. मग खुदकन हसल्या. "जन्मभर दुसऱ्यांना सुई टोचली, आता माझी पाळी म्हणायची!"

मोठ्या यंत्राने माझंच म्हणणं खरं ठरवलं. सरकता आरसा काय बोलणार, बसला गप्प! त्याच आठवड्यात पहिलं इंजेक्शन झालं, मग दर महिन्याला एक. दर वेळी आधी मी बघायचे. पोकळी निम्मी झाली, मग चिरेएवढी उरली, पाचव्या खेपेला थर खाली टेकले होते. त्या दिवशी मावशींनी डावा डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघितलं. "एक जरासा वाकडा दिसतोय," त्या म्हणाल्या, "पण बाकी सगळे सरळ!" आणि ताईला मिठी मारून रडल्या. त्यांची खुर्ची कुणी काढून घेतली नाही. त्या नव्या मुलींना तारा जोडायला शिकवू लागल्या, आणि शेजारी दुसरी मुलगी मोठ्याने पॅडं मोजल्याशिवाय तिथे डिंकाची बाटली उघडायची नाही असा नियम झाला. मावशींच्या तारांनासुद्धा तो लागू होता. पहिल्या दिवशी नवी मुलगी मोजायला लाजली, तर मावशींनीच तिला दरडावलं.

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझ्या धाकट्या बहिणी डब्याएवढ्या यंत्रांत बसून गावोगाव फिरतात. माझा पाचवा हीटर गेल्या वर्षी गेला, म्हणून मला कामावरून काढलं. पण मी काही ड्रॉवरमध्ये नाही हं! तारांच्या खोलीत काचेच्या डबीत बसले आहे. नव्या मुली आधी माझीच पॅडं मोजतात. मावशी निवृत्त झाल्या, तरी अधूनमधून येतात, डबी पुसतात आणि विचारतात, "काय गं, बरी आहेस ना?"

जाता जाता माझं एक ऐका. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याची चूक झाकून घेतो, म्हणून माणसाला कळतच नाही. आज घरी गेलात की आजीला, काकांना, बाबांना, सगळ्यांना एकेक डोळा झाकून वहीची ओळ बघायला सांगा. तुम्हीही बघा. ओळ वाकडी दिसली, किंवा मधोमध धुरकट दिसली, तर कुणी म्हणेल, "चष्म्याचं असेल, पुढच्या महिन्यात बघू." ऐकू नका. हात धरून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. उशीर करायला मी आहे ना इथे!